चार इंची रेष

बेसलाइन चार इंच, बाकीच्या दोन.
चिकटपट्टी ताणून बसवायची, कडेवरून अंगठा फिरवायचा,
मग रंग खाली झिरपत नाही.
नेरुळच्या या कोर्टावर मी सहा दिवस गुडघ्यांवर चाललो,
तोंडाला मास्क, वरून काच,
आणि शर्मिनबाई दुरून, हातात टेप:
"हसुराम, एक सूत सरकलीय."
एक सूत!

मार्चपासून मी गोलच आखत होतो.
वाशी मार्केटात कांद्याच्या गाळ्यांपुढे,
रेशनच्या दुकानासमोर, दवाखान्याच्या पायरीशी,
दोरीला खडू बांधून, सहा-सहा फुटांवर.
स्मशानाच्या फाटकाशी आठ आखले.
तिथे माणसं गोलात उभी राहत नव्हती,
गोलात चपला ठेवून सावलीला बसत होती.

त्याच्याही आधी फक्की.
करावे गावात कबड्डीचं मैदान आखायचो,
चिमटीतून चुना सोडत, उलटं चालत.
कबड्डी दमाचा खेळ, तो पहिला बंद झाला.
याला मात्र परवानगी आली:
अठ्ठ्याहत्तर फूट लांब, मध्ये जाळी, कुणी कुणाला शिवत नाही.
निवृत्ती घरत म्हणाला,
हा खेळ आधीपासूनच क्वारंटाइन आहे.
हसलो तर काचेवर धुकं धरलं.

आम्हा अकरा जणांना खेळाडूंसारखंच हॉटेलात कोंडलं.
चौथा मजला, न उघडणाऱ्या खिडक्या.
माझं घर तिथून चालत वीस मिनिटं.
संध्याकाळी आई फोन करायची, मी गच्चीवर हात हलवतेय, दिसते का?
गच्च्या तर शंभर दिसायच्या.
दिसतेस, म्हणायचो.
"मंग, कवा येशील रं?"

स्पर्धा सुरू झाली तेव्हा
पाच हजार खुर्च्यांवर फक्त कबुतरं.
पोरं टॉवेल देत नव्हती, ज्याचा त्याने डब्यातून घ्यायचा.
रेषेवर वाकून उभे राहणारे पंचही नव्हते,
कॅमेरेच बघणार, आणि "आउट" ओरडणार एक बाई,
कुठल्या देशात ध्वनिमुद्रित केलेली कोण जाणे,
तिला कधी खोकला येत नाही.
शर्मिनबाईंनी मला नियम सांगितला:
रेषेला चेंडूचा केस जरी लागला तरी तो आत.
इतका दिलदार नियम
मी कुठल्याच कचेरीत पाहिला नव्हता.

उपांत्य सामन्याच्या सकाळी प्राजक्ता सिस्टरने
नाकातून काडी फिरवून ती पांढरी पट्टी टेबलावर ठेवली.
एक रेष आली.
मी बुटाची नाडी बांधू लागलो.
मग तिच्या खाली दुसरी, पुसट,
ओल्या रंगावरून कुणी बोट फिरवावं तशी.
म्हटलं, सिस्टर, पंचवीस वर्षं रेषा मारतोय,
ही अर्धा सूतही नाही, ही काय रेष झाली?
ती म्हणाली,
"काका, लागली म्हणजे लागली."

अ‍ॅम्ब्युलन्स मागच्या फाटकातून काढली,
कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून.

वॉर्डातल्या फोनवर अंतिम सामना पाहिला, आवाज बंद ठेवून.
लिथुएनियाची ती उंच मुलगी
रोज सकाळी मला कोपर उंचावून नमस्कार करायची,
तिचा एक फटका खोल गेला, बेसलाइनवर.
पडद्यावर रेष मोठी करून दाखवली,
माझी रेष, हातभर रुंद,
तिच्या बाहेरच्या कडेला चेंडूचा करडा डाग, नखाएवढा.
आत.
आणि तिथूनच थोडं डावीकडे
रंग पट्टीखाली झिरपलेला, एक सूत.
शर्मिनबाईंच्या नजरेतून सुटला होता. माझ्याही.

शेजारच्या खाटेवरचे मुकादम
ऑक्सिजनची नळी सावरत कुशीवर वळले.
कोण जिंकलं?
मी ते पाहिलंच नव्हतं.