माया

पांढरकवड्याच्या रस्त्यावर, खताच्या दुकानाले लागून
माही मशीन. बावीस वर्षं झाली.
वहीत अर्ध्या गावाची मापं हायेत,
कोनाची छाती, कोनाचा घेर,
पोटुशा बायांची मागची पानं.

रोशन कुमरे आला. जिनिंगवर गठानी उचलते.
शर्ट टाकला पुढ्यात, म्हने, काकू, बाही टाइट करा.
अजून. अजून थोडी.
आतलं कापड कापूनच टाका, फुगते.
म्हटलं, काहून बाप्पा, साडेतेरा दंड हाय तुहा,
गावात कोनाचा हाय?
हासला नाही. फोन दाखवला.
उघडा पोरगा, अंगाले तेल, पोटाचे आठ तुकडे,
बाजूले पावडरचा डबा,
रोशनच्या पंधरा दिवसाच्या मजुरीचा.
"गठानीनं बॉडी होत नाही काकू.
गठानीनं फक्त कंबर दुखते."
याच्यावर मले काही सुचलं नाही.
कैची घेतली न् कापून देल्लं.

मडाव्याची प्रनोती, बारावीतली.
गॅदरिंगचा ड्रेस. टेप लावला तं तीस,
श्वास रोखला तं अठ्ठावीस.
म्हने, सव्वीस लिवा.
मायनं सांगतलं मले मागून,
डब्यातली भाकर बकरीले जाते,
सकाऊन जिऱ्याचं पानी, रात्री काहीच नाही.
फोनमधली कोनी बाई रोज दाखवते
आपन दिवसभर काय खाते ते,
हिरवं काहीतरी, लोन्यावानी कापलं जाते.
आमच्या मंगळवारच्या बाजारात
ते कधी आलंच नाही.

लिवलं सव्वीस. तिच्यासमोर, मोठ्या अक्षरात.
रात्री लाइन आल्यावर कापाले बसली,
खडूची रेघ सव्वीसवर,
कैची तिसाच्याही बाहेरून.
दोन्हीकून इंच-इंचाच्या वर माया सोडली आत,
न् टाका मोठा घातला, उसवाले सोपा.
गॅदरिंग होऊ दे.
येईन ते. पाच मिनिटाचं काम हाय, ब्लेड लागन.

रोशनचा शर्ट मात्र परत आला काल.
गठान डोक्यावर घेताना
काखेपासून कोपरापर्यंत गेला.
उलटा करून पाह्यला.
आत काहीच उरलं नाही सोडाले,
मीच कापून देल्लं होतं.

चिंध्यांचं गठुडं उकरून राह्यली सकाऊनपासून,
तसला निया रंग कोठी भेटते का पाहाले.