अर्थ द्यायची जागा

लाडखेड फाट्यावर, पंक्चरवाल्याच्या पलीकडे,
निंबाखाली माझी टपरी.
सकाळी दहालाच पाना हातात धरवत नाही
इतका मे.

रोशन खंडारेची टवेरा कालपासून उभी,
मागची सीट काढलेली, पोट उघडल्यासारखी.
बारा इंची दोन, प्लायच्या खोक्यात,
आणि अँप. वर लिहिलंय दोन हजार वॅट.
लिहायला काय, माझ्या पाटीवर मीही
'तज्ज्ञ' लिहून घेतलंय.

वायर त्यानं अमरावतीहून आणली,
लाल, अंगठ्याएवढी जाड.
ब्लेडनं खरवडली. वरून तांबं, आत पांढरं.
"अल्युमिनियम आहे भाऊ. मुलामा दिलेलं."
"चालते न?"
"चालते. अन् जळते."
डाव्या मनगटावरचा डाग दाखवला त्याला,
मुर्तिजापूरच्या वरातीतल्या गाडीचा,
फ्यूज बसवायचा राहिला होता तेव्हा.
बाकीचं सांगितलं नाही.
बाकीचं म्हणजे, नवरदेव पायी गेला.

मग खरी तांब्याची आणली.
बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज, दीडशेचा.
करंटची वायर डावीकडून, आवाजाची उजवीकडून,
वाटणी झालेल्या भावांसारख्या;
जवळ नेल्या की इंजिनचं कण्हणं
गाण्यात ऐकू येतं.

मागं चासीवर एक जागा पाहिली.
जब्बारभाई, ज्यांच्याकडं मी डायनॅमो खोलायला शिकलो,
दिवसभर एवढंच ओरडायचे:
"रंग खरवड रे पोट्ट्या!
रंगावर अर्थ लागत नसते."
खरवडला. आंब्याच्या कोयीएवढं लोखंड
उघडं पडलं, चमकलं.
तिथं काळी वायर कसली.

संध्याकाळी चालू केलं.
मीटरवर चौदा. आवाज वाढवला, बारा.
हेडलाईट दर ठोक्याला मिटतात, उघडतात,
पंगतीत पेंगणाऱ्या पोरासारखे.
आल्टरनेटरची वायर जाड केली.
साडेतेरा. ठीक.
पण ठोका?
ठोका येईना.
खोकं हलतं, काच थरथरते,
आणि आवाज कसा,
ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा.

रोशन गप्प. तीस हजार रुपये गप्प.
मी अँपच्या चकत्या इकडं फिरवल्या, तिकडं फिरवल्या,
कंपनीला शिव्या घातल्या.

त्याचा बाप तोवर निंबाला टेकून बिडी ओढत होता.
उकंडा खंडारे. वीस वर्षं डफडं वाजवलं,
आता वाजवत नाही,
कोणी विचारतही नाही काहून म्हणून.
उठला. बिडी विझवली, कानावर खोचली.
दोन तळवे दोन पडद्यांवर ठेवले,
गाभण गाईच्या पोटावर ठेवावेत तसे,
आणि डोळे मिटले.

"एक ओढून राह्यलं बाप्पा,
एक ढकलून राह्यलं.
मंग ठोका बाहेर येईन कसा?
याचं त्याच्यातच जिरून राह्यलं."

मी खोकं उघडलं.
दुसऱ्याची लाल काळ्याला, काळी लालला.
माझ्याच हातानं.

दोनच वायरी. बदलल्या.

आणि टपरीच्या पत्र्याचा एकेक खिळा बोलायला लागला,
चहावर वर्तुळं उठली,
पंक्चरवाल्याच्या घमेल्यातलं पाणी काठावरून सांडलं,
निंबावरचे सगळे कावळे एकदम हवेत,
आणि माझ्या बरगड्यांवर आतून
कोणीतरी कडी वाजवत राहिलं.
मला वाटलं रोशन नाचेल.
तो नुसता बापाकडं पाहत होता.

उकंडानं कानावरची बिडी काढली, पेटवली नाही.
"आमी जाळावर शेकत होतो कातडं," म्हणाला,
"तापल्याबिगर बोलतच नव्हतं.
हे तापलं त?"
"तापलं का बंद पडते."
"असं?"

मग बराच वेळ अँपच्या लोखंडावर
हात ठेवून बसला.
"कोमट हाय," म्हणाला.
"अजून टाईम हाय. वाजू दे."