सातवी धून

रुआनने गालिचाचा तुकडा आणून टाकला
मॅलकीच्या बुटाखाली.
"काका, पाय ऐकू येतोय माइकात."
मॅलकी बोलला नाही काही.
फिडल हनुवटीखाली धरली,
आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा
लय लंगडली.

ही पूर्वी दुधाची डेअरी होती.
ओल धरली की फरशी अजून आंबूस वासते.
डोनेगॉलचा वारा दाराची कडी हलवतो,
तोही आलाय तिसऱ्या धुनेत.
मला ऐकू आला. मी बोलले नाही,
कॉन्सर्टिना मांडीवर मिटून बसले.

"सातवीचं नाव काय लिहू?"
"निनावी लिही," बासरीवाली ग्रोन्या म्हणाली.
"निनावी तीन झाल्या आधीच."
"मग चौथी."

मॅलकीची आत्या गुणगुणायची ती,
लर्विकच्या धक्क्यावर हेरिंग चिरताना,
मिठाने खाऊ नयेत म्हणून
बोटांना चिंध्या गुंडाळून.
तिने उचलली शेजारच्या बाईकडून.
त्या बाईची भाषा हिला येत नव्हती,
नाव विचारणार कसं?

"म्हातारपणी मला शिकवली," मॅलकी म्हणाला,
"स्वयंपाकघरात. मासे नव्हते, काही नव्हतं,
तरी सुरीची मूठ
फळीवर आपटत राहायची.
मला वाटलं, तेही धुनेतलंच."

बुटाच्या टोकाने त्याने गालिचा
भिंतीकडे सारला.

रुआन उठला.
माइक वीतभर
खाली घेतला.