दोन पावलं

पत्र आलं. गाडीचा विमा
गेल्या वर्षी अकराशे ब्याऐंशी, यंदा चौदाशे सत्तावीस.
का, ते कुठेच लिहिलेलं नाही.
आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार, हे मात्र ठळक अक्षरांत.
गाडी तीच. डावा आरसा चिकटपट्टीने धरलेला,
सुपरमार्केटच्या पुढे ती जाते तरी कुठे?

स्विंडनमध्ये नोव्हेंबरात साडेचारलाच अंधार.
ओट्यावरचा मीटर किटली लावली की हिरव्याचा लाल होतो,
शिरीष त्याच्यावर दुधावर ठेवावी तशी नजर ठेवून.
गॅस, पाणी, कौन्सिल टॅक्स,
पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखे
एकेक जण म्हणतोय, जरा सरका.
आम्ही सरकतोय.
ओजसच्या खोलीतला रेडिएटर शून्यावर आहे,
त्याचे महिन्याला किती वाचतात, ते शिरीषला पाठ.

मी कोट घालूनच लॅपटॉपपाशी बसते.
चार कंपन्या, चौघींचे तेच प्रश्न.
गाडी रात्री कुठे असते? घरासमोर.
दाराला कुलूप कोणतं? शिरीष टॉर्च घेऊन बघायला गेला,
परत आला तो वेगळ्याच शंका घेऊन.
व्यवसाय?
'गृहिणी' लिहिलं तर एक भाव,
'शाळेच्या स्वयंपाकघरात मदतनीस' लिहिलं की अकरा पौंड कमी.
बावीस वर्षांत पहिल्यांदाच
माझ्या दोन कामांतला फरक कुणी आकड्यात सांगितला.
घराच्या विम्याला विचारतात, घरात मौल्यवान काय?
आईच्या पाटल्या. किंमत?
तोळ्यांत सांगता आली असती.
चौकट फक्त पौंड घेते.

आई तासगावच्या बाजारात वांग्यांचा भाव ऐकायची,
काही न बोलता पिशवी उचलायची आणि चालू लागायची.
दोन पावलं.
मागून हाक यायचीच, अहो बाई, बोला तर खरं.
तिसरं कधी टाकू नये, म्हणायची,
तिसऱ्याला हाक येत नाही,
आणि मग घरी वांगी नसतात.

फोनवर चव्वेचाळीस मिनिटं तोच पियानो,
मग गॅरेथ नावाचा मुलगा.
म्हटलं, मी दुसरीकडे जातेय.
आणि खरंच सिंकपासून फ्रिजपर्यंत दोन पावलं चालले.
थांबा हं, विचारून बघतो, तो म्हणाला.
चाळीस कमी.
आई असती तर पिशवी पुन्हा उचलली असती.

दुसरा चालक कोण, त्याने विचारलं.
मुलगा. एकोणीस.
अजून घरीच राहतो?

सप्टेंबरात डंडीला गेला, बसने,
पाठीवर पिशवी, हातात कुकर,
शिट्टी विसरला ती नंतर पोस्टाने पाठवली.
हे सगळं मी सांगितलं नाही.
नाही, एवढंच म्हटलं.

मग नाव काढू?

पलीकडे बोटांची टकटक.
सहाशे चौदा.

शिरीषने अंगठा वर केला.
मी फ्रिजवरचं लोहचुंबक सरळ करत होते.
इतकं महाग होतं त्याचं इथे असणं,
आणि आम्ही त्याला बोलायचो चीजवरून,
लांबलेल्या आंघोळीवरून.

नाताळात येईल तेव्हा? मी विचारलं.
दिवसांवर वेगळा घेता येतो, गॅरेथ म्हणाला,
नऊ दिवसांचे सदुसष्ट.
शिरीष हातानेच नको नको करत होता,
नऊ दिवस नाही चालवली तर काय बिघडतं?
द्या, म्हटलं.
त्यावर घासाघीस केली नाही. पिशवी उचललीच नाही.

मग शिरीषने पाकिटाच्या पाठीवर वजाबाकी मांडली.
आठशे तेरा वजा सदुसष्ट.
हातचा विसरला,
उत्तर आलं आठशे सेहेचाळीस.
खाली दोन रेघा ओढल्या, खूश झाला.
मी काही बोलले नाही.

ब्रॉडबँडचं कंत्राट चौदा तारखेला संपतंय.