वजन स्थिर होईपर्यंत

फैजपूरला अठरा वर्षं मी फळ्यावर डबे काढतोय,
एकावर एक. शेवटी आला तो आधी जाणार.
पोरं पट्टीने वहीत आखतात.
परीक्षेत आकडे येतात ते इस्त्री करून येतात.

यंदा शबनूर तडवी सहा आठवडे
जळगावच्या एमआयडीसीत, डाळ मिलच्या काट्यावर गेली.
पहिल्या फोनवर म्हणाली,
"सर, तोच ट्रक, तीच तूर,
आणि स्क्रीनवर दर सेकंदाला वेगळं वजन.
माझा प्रोग्राम पहिलंच उचलतो.
मुनीमजी रागवत नाहीत, तेच जास्त लागतं."

मी लूप तपासायला सांगितलं.
दुसरं काय सांगणार होतो?

काट्यावरचे आत्माराम आप्पा,
सातवी नापास, भुवयांवर डाळीचा भुसा,
खिडकीतून बोलले म्हणे:
"काटा खोटा नही शे, बेटा.
इंजिन चालू शे."

ड्रायव्हर इंजिन बंद करत नाहीत,
त्यांना अंधाराआधी धुळं गाठायचं असतं.
मग तिने प्रोग्रामलाच थांबायला शिकवलं:
तीन सेकंद आकडा पाच किलोच्या आत राहिला
तरच पावती.
सतरा ओळी. त्यातल्या चार खोडलेल्या.

आज हजेरीपट उघडून बसलोय.
त्या सहा आठवड्यांवर, नियमाप्रमाणे,
तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या फुल्या.
माझी मात्र रोजची सही.

गेटबाहेर केळीचा ट्रक उभा आहे,
इंजिन सुरूच,
खिडकीची काच थरथरतेय.
पेनाचं टोपण काढून
मी अजून काही लिहिलेलं नाही.