दोन बाटल्या

हस्ताचा पाऊस रात्रभर बडवून गेला.
सकाळी साडेसहाला मी बावधनला, बायपासच्या कडेला,
रेनकोटच्या खिशात मार्कर,
हातात दोन बाटल्या.

पहिली भरायची पुलाखालच्या पाइपाशी,
जिथे रस्ता रात्रीचं सगळं ओकतो:
ब्रेकची झीज, टायरची काजळी,
कुण्या ट्रकचं गळकं डिझेल.
पाण्यावर मोरपिसाचे रंग,
आणि वाकून वास घेतला तर घसा धरतो.

दुसरी साठ पावलं खाली.
मध्ये फक्त एक उथळ चारी,
तिच्यात वाळा, लव्हाळा, कर्दळीचे काही गड्डे,
आणि गुणाबाई पासलकर,
ज्या नकाशात कुठेच नाहीत.

"पळणारं पाणी कुणाचं ऐकत नाही," त्या म्हणतात,
"त्याला बसवायचं. जरा दम खाऊ द्यायचा."
मुळशीकडच्या भातखाचरात शिकल्या हे.
अहवालात मी त्याला धारणकाळ म्हणते,
मिनिटांत मोजते.

वर नुसतं गवत, गुरंही तोंड लावत नाहीत असं.
खाली माणसाहून खोल गेलेल्या मुळ्या
जस्त अडवतात, तांबं अडवतात.
तेलाचं तिथले बारीक जीव काय करतात
ते मला समीकरणात मांडता येतं,
पटत मात्र अजून नाही.

मागच्या महिन्यात ठेकेदाराची पोरं आली.
"रान माजलंय मॅडम, उद्या साहेबांची पाहणी."
बघता बघता दहा पावलं चारी भुंडी.
गुणाबाई मशिनला आडव्या वगैरे गेल्या नाहीत.
त्यांनी थर्मास उघडला,
कुणाचं गाव कुठलं, कुणाचं लग्न ठरलं
हे विचारत बसल्या सर येईपर्यंत.
भिजलेलं मशिन मग सुरूच झालं नाही.
उरलेली पन्नास पावलं त्या चहाची आहेत.

उजेडात धरते दोन्ही बाटल्या.
दुसरी काही आरशासारखी नाही,
उकळलेल्या पत्तीवर पुन्हा पाणी ओतावं तशी, फिकट.
पुढे रामनदीत तिला सोसायट्यांचं सांडपाणी भेटणारच आहे.

"मागल्या खेपेला किती निघालं?"
"जस्त निम्म्याहून कमी."
"आणि बाकीचं?"
"मुळांत राहिलं."
त्या उकिडव्या बसतात, वाळ्याचा एक बुंधा
न्हाऊ घातलेल्या पोराच्या डोक्यासारखा चाचपतात.
"मग ह्यांना कोण धुणार?"

वरून एक कंटेनर जातो, चारी थरथरते.
मी झाकण घट्ट करते,
बाटलीवर वेळ लिहिते: सहा बावन्न.