भुसावळ, दहा मिनिटं

आप्पा,
तुम्ही काचेवर टकटक केलंत तेव्हा
मी कानात दुसरंच कुणीतरी घेऊन बसले होते.
मांडीवर लॅपटॉप, तिमाहीचे आकडे, पुण्यातला साहेब.
गाडी इथे दहा मिनिटं थांबते
हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक!

काळी काच. आतून तुम्ही दिसत होतात,
बाहेरून तुम्हाला आधी तुमचाच चेहरा.
मग दोन्ही हातांची झापड करून
नाक टेकवलंत काचेला,
तिथे वाफेचा ठिपका उमटला.
ओठ हलले. जेवली का व?
नुसत्या ओठांवरून कळलं मला.

मी एक बोट वर केलं.
एक मिनिट.

एकतीस वर्षं यार्डात शंटिंग केलंत तुम्ही.
क्वार्टरच्या ओट्यावर मला शिकवायचात:
हात सावकाश वर-खाली, गाडी दूर ने.
हात आडवा, छातीवरून इकडून तिकडे, माझ्याकडे ये.
मी इंजिन व्हायचे, भकभक करत
तुमच्या पोटावर येऊन आदळायचे.
एका बोटाचा सिग्नल
तुमच्या पुस्तकात नव्हता.
तरी थांबलात,
लाल दिसल्यासारखे.

आकडे संपेनात.
मधेच तुम्ही खिशातून फोन काढलात, लावलात.
माझ्या स्क्रीनवर वरून 'आप्पा' सरकत आलं
आणि माझ्याच अंगठ्याने ते बाजूला सारलं.
वीतभर अंतरावर तुम्ही
फोन कानाला धरून उभे,
'आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता'
ऐकत,
त्या व्यक्तीकडे बघत.

दारापर्यंत बारा पावलं होती फार तर.

गाडी हलली तेव्हा मी कानातलं उपटलं.
तुम्ही हात हलवत होतात.
कोचमधल्या सगळ्यांना वाटलं, म्हातारा टाटा करतोय.
पण हात आडवा होता आप्पा,
छातीवरून, इकडून तिकडे.

बोदवड गेल्यावर अटेंडंटने डबा आणून दिला.
"भुसावळला एकांनी दिला. म्हणाले, ती कामात आहे."
कळण्याची भाकरी, कांद्याची पात,
काड्यांच्या धुराचं भरीत.
वास सुटला तशा समोरच्या बाईंनी
कानातले बोंडूक काढले.
"बामणोदची वांगी का हो?"
मी अर्धी भाकरी मोडून पुढे केली.
त्यांचं माहेर यावलचं निघालं.
मलकापूर आलं, गेलं,
आम्ही बोलतच होतो.

फोन बर्थवर पालथा,
दोनदा थरथरला.
त्यातला एक तुमचा होता
हे अकोल्याला दिसलं.